वाटा

एकतीस वर्षं मी नगरच्या स्टँडवर माइकसमोर बसलो.
"फलाट क्रमांक चार, जामखेडमार्गे बीड"
हे मी तापातही बडबडायचो, असं प्रफुल्ला सांगते.
फंडाच्या पैशांत उभादांड्याला दोन खोल्या घेतल्या.
समोर सुरूची झाडं, मग समुद्र,
आणि आमच्या पंथाचं चर्च
घाट चढून, दोन गाड्या बदलून.
इथल्या इगर्जीतच जाऊ, ती म्हणाली,
देव काय डेपो बघून थांबतो?

पहिल्या रविवारी तिसऱ्या बाकावर बसलो, खिडकीशी.
मागून काठी वाजली.
ती संतानमायची जागा.
सरकलो. तिथे कोणाचा तरी जावई.
शेवटी खांबाआड मिळाली,
जिथून फादर दिसत नाहीत, नुसता पंखा दिसतो.
उभं राहायचं कधी, गुडघे टेकायचे कधी,
मी प्रत्येक वेळी जरासा लेट,
आणि लेट गाडीची दिलगिरी सांगणारा कोणी नाही.

मग प्रार्थना आली. ही आपली, म्हटलं.
लहानपणी आईने वेणी घालता घालता बहिणीला शिकवलेली,
शेजारी बसून मला पाठ झालेली.
"वाइटापासून सोडव" पाशी सगळी इगर्ज थांबली.
मी थांबलो नाही.
"कारण राज्य, पराक्रम"
माझा आवाज माइकविना
शेवटच्या शेंगदाणेवाल्यापर्यंत जायचा.
चाळीस माना वळल्या. एक पोर हसलं.
त्यांच्यातही ते शब्द आहेत,
पण नंतर, मध्ये फादर काही बोलून झाल्यावर.
हे मला कळलं तोवर
मी "पराक्रम" वर एकटाच उभा होतो.

ख्रिस्तप्रसादाला रांग निघाली.
मी बसून. माणसं जाताना गुडघे आत घेतो,
येताना पुन्हा घेतो.
असे पाच महिने.

प्रफुल्लाचं वेगळं.
महिन्याभरात तिला माहीत
कोणाची मुलगी कुवेतला, कोणाची कोंबडी आजारी.
कैतानच्या खुरसाकडे लादाईन झाली तेव्हा
उकडलेले चणे तिने वाढले, मी खाल्ले.
वाडीत मी रणपिसे नव्हतो,
प्रफुल्लाबायचो घोव.

ऑक्टोबरात एका सकाळी रापण लागली होती.
मी चपला हातात घेऊन बघत होतो,
निवृत्त माणूस बघतो तसा, सगळंच.
फिल्सू ओरडला,
"धरा हो दोरी, बघतास काय?"
धरली.
पुढे कोणाची तरी पाठ, मागे कोणाचा तरी श्वास,
पाय वाळूत मागे मागे,
आणि समुद्र, जो येतच नाही.
तास गेला असेल. मी वेळ बघितली नाही.
माझ्यासारख्याने हे सांगावं म्हणजे बघा.

जाळं वर आलं. आरडाओरड, कावळे, टोपल्या.
माझ्यासमोर सहा बांगडे पडले.
मी पाकीट काढलं.
फिल्सूने त्या पाकिटाकडे असं बघितलं
की ते आपोआप खिशात गेलं.
"ह्यो तुमचो वाटो."
कुठला पंथ, कुठलं गाव, कुठपर्यंतचं तिकीट,
काही नाही. दोरी ओढली, एवढंच.
टोपीतून बांगडे घेऊन घरी आलो.
तळहाताची सालं निघाली होती.
प्रफुल्लाने हळद लावली आणि म्हणाली,
"यातला एक अंडीवाला आहे."

त्या रविवारी हाताला फडकी बांधून गेलो, खांबाकडे निघालो.
काठी वाजली.
संतानमायने बाकावरचं प्रार्थनेचं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं.
"हंय बसा."
खिडकीतून मीठ आणि सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास.
प्रार्थना आली.
थांबायचं कुठे, हे मी आता शिकलो होतो.
"वाइटापासून सोडव."
थांबलो.
फादरनी श्वास घेतला.
संतानमाय समोरच बघत होती, वेदीकडे.
ओठ न हलवता म्हणाली,
"फुडचा ऱ्हवला मा तुमचा?"

म्हटलं मग.
हळू,
एका बाकापुरतं पोचेल एवढंच.